दोन सूत

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला, एका गावात एक सुतार राहत होता. त्याच्या बापाने जन्मभर तिफणी, वखरं आणि बंड्यांची चाकं केली. मुलाच्या वेळेपर्यंत लोखंडी अवजारं आली आणि लोक सुताराकडे येऊ लागले ते चौकटी, दारं, पलंग मागायला. त्यासाठी ओंडके चिरून आणायला तालुक्याला जावं लागे. तिथे दिवसभर नंबर लागत नसे आणि चिराईचे पैसे मोजून हातात फार थोडं उरत असे. शेवटी त्याने ठरवलं की घरामागच्या वावरातच आरामशीन बसवायची.

ही गोष्ट १९९७ च्या आधीची आहे. त्या वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायला लावल्या. तोवर परवाना मिळणं आजच्याइतकं अवघड नव्हतं. आपल्या सुताराने तो रीतसर काढला होता, कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता. कागदाच्या बाबतीत माणूस पक्का.

मशीन जुनं, पण चांगल्या कंपनीचं मिळालं. आडवी बँडसॉ होती. ओंडका खाली लोखंडी पाटावर स्थिर पडून राहतो, दोन चाकांवर ताणलेला करवतीचा पट्टा असलेलं डोकं दोन्ही बाजूंच्या रुळांवरून त्याच्या अंगावरून सरकत जातं आणि दर फेरीला एक फळी सुटते. या यंत्रात करवत रुळांच्या हुकुमात असते. रूळ जिथे जाईल तिथे पट्टा जाणार, मग पट्ट्याला कितीही धार असो.

सुताराने पाया घातला पौषात. त्या महिन्यात काळी माती बघावी, अगदी शहाणी असते. पावसाचं पाणी मुरून गेलेलं, ऊन अजून तापलेलं नाही, कुदळ मारली तर ढेकूळ सुटतं आणि वर उभं राहिलं तर पायाखाली दगडासारखी वाटते. त्याने दीड फूट खणलं, दगडगोटे भरले, वर चार इंच काँक्रीट ओतलं, मशीन ठेवून बोल्ट आवळले. गावातल्या एका म्हाताऱ्याने सहज विचारलं, "बापू, खाली मुरूम लागला का?" सुतार म्हणाला, "काका, मशीन टनाचं, त्यावर ओंडका टनाचा. एवढं ओझं जमिनीले दाबूनच ठेवीन ना." हिशेब ऐकायला बरा होता. दोन फूट जाडीचा, बारा फुटी, ओला आंब्याचा ओंडका खरोखरच टनाच्या आसपास भरतो. पण काळी माती पाणी पिऊन फुगते तेव्हा ती चौरस मीटरला कित्येक टनांचा जोर वर लावू शकते. तिच्या लेखी सुताराचं मशीन म्हणजे फार काही नव्हतं.

जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. गाव वसायचं पांढरीत, पीक घ्यायचं काळीत. सुताराचं घर पांढरीच्या कडेला होतं आणि घरामागे लगेच काळी सुरू होत होती. मशीन काळीत बसलं.

पहिले काही महिने झकास गेले. नागपूरला आरामशीनवर काम शिकलेला एक पोरगा ऑपरेटर म्हणून मिळाला. बांधावरचे साग, बाभळी, कडुनिंब, आंबे बंड्यांवरून येऊ लागले. अंगणात भुशाचा ढीग लागला. शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी रोज पोतं घेऊन येई आणि भुशाच्या शेगडीसाठी भुसा भरून नेई. तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नसे.

पावसाळा लागला आणि श्रावणात पहिली तक्रार आली. एका शेतकऱ्याने सागाच्या फळ्या परत आणल्या. त्यातल्या बऱ्याच ठीक होत्या, पण ओंडका उलटा करून काढलेली शेवटची जाड फळी टोकांना बरोबर आणि मध्ये पातळ होती. सुताराने ती मोजली. दोन सूत कमी, म्हणजे पाव इंच. त्या फळीची चौकट होणार नव्हती.

"पट्टा बोथटला असेल," सुतार म्हणाला. नवा पट्टा आणला. पुन्हा तेच. मग दात्यांचं सेटिंग बदललं, पट्ट्याचा ताण वाढवला, चाकांचे रबर बदलले. शेवटी ठरलं की दोष ओल्या लाकडाचा. पावसाळ्यात लाकूड पाणी धरतं, त्याला कोण काय करणार. गिऱ्हाइकाला दोन फळ्या जास्त देऊन गप्प केलं. दिवाळीनंतर तक्रार आपोआप थांबली, तेव्हा सुताराला वाटलं आपलं निदान बरोबर होतं.

चैत्रात ती परत आली, आणि या वेळी उलटी आली. आता फळी मध्ये जाड आणि टोकांना पातळ निघत होती. शिवाय उलटा केलेला ओंडका पाटावर नीट बसेना, टोकावर हात ठेवला की पाळण्यासारखा डुले. ऑपरेटर त्याच्या टोकांखाली पाचरी ठोकून काम भागवत होता. तो एकदा म्हणाला, "भाऊ, ओंडका डुलते. एकदा रुळाले दोरी लावून पाहू काय?" सुतार चिडला. "नवा पट्टा, नवे रबर, आता रुळालेही नवं आणू काय? मागं-पुढं ढकलताना तुह्या हात हलते, ते पाय आधी."

लाकूड ओलं म्हणावं तर चैत्रात ते ठणठणीत कोरडं. मग उरला कोण? हात. वैशाख लागायच्या आत सुताराने त्या पोराचा हिशेब करून टाकला. पोराने पैसे मोजून घेतले, सायकलवर पेटी बांधली आणि गेला. दुसरा माणूस आला, त्याने चिरलेल्या फळ्याही मध्ये जाडच निघाल्या. सुतार म्हणाला, आजकाल चांगली माणसंच मिळत नाहीत.

इथे थोडं थांबून ती दोन सुतांची भानगड सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे. रूळ मध्ये एक सूत खाली बसला तर करवतही मध्ये एक सूत खाली जाते आणि ओंडक्याच्या पाठीवर तेवढी खोल कमान पडते. पुढची फेरी त्याच वाटेने जाते, म्हणून सुटणारी फळी सगळीकडे सारख्याच जाडीची येते. ती किंचित वाकलेली असते, पण लाकूड वाळताना वाकतंच म्हणून कुणी मनावर घेत नाही. चूक अशी दडून राहते. मग ओंडका पलटला जातो, कमानीची बाजू खाली जाते आणि करवत वरून पुन्हा तीच कमान काढते. आता दोन कमानी समोरासमोर आल्या. पायातली एक सुताची चूक फळीत दोन सूत होऊन बाहेर पडली. उन्हाळ्यात रूळ मध्ये वर आला की सगळं याच्या उलट होतं. गंमत अशी की सगळा पाया सरळ एका बाजूला कलला असता, पण रूळ सरळ राहिले असते, तर फळ्या बिनचूक निघाल्या असत्या. खचण्यापेक्षाही कमीजास्त खचणं वाईट.

आणि ते कमीजास्तच होत होतं. शेडचे पत्रे असे उतरवलेले की पावसाचं पाणी मशीनच्या दोन टोकांशी पडे. पागोळ्यांखालची माती फुगून दोन्ही टोकं उचलली जात आणि मधला भाग छपराखाली कोरडा राहून खाली दिसे. उन्हाळ्यात टोकांवर ऊन पडे, तिथली माती आकसून खाली जाई, आणि सावलीतला मध्य वर राही. मशीन वर्षातून एकदा असं आणि एकदा तसं वाकत होतं. सुतार मात्र पावसाळ्यात लाकडाला आणि उन्हाळ्यात माणसाला नावं ठेवत होता.

हे उघडकीला आणलं त्या भुसावाल्या म्हातारीने, तेही शहाणपण सांगायला नाही, भांडायला. वैशाखात एक दिवस ती अर्धं पोतं घेऊन सुताराकडे आली आणि म्हणाली, "काय जी भाऊ, माह्या भुसा कोनाले देता?"

"कोणाले देऊ? सारा तुमीच नेता."

"मंग रोज कमी काहून भरते?" ती त्याला मशीनच्या टोकाशी घेऊन गेली. काँक्रीटच्या कडेने जमीन फाटली होती, भेग हात जाईल एवढी रुंद. भुसा सुरसुरत तिच्यात पडत होता. म्हातारीने कुंपणातली एक पऱ्हाटी उपटली आणि भेगेत सोडली. पऱ्हाटी चार फुटांची होती. सगळी आत गेली.

"हे पाहा. तुमची जमीनच भुसा खाते," ती म्हणाली आणि हक्काने म्हणाली, "उद्यापासून भुसा पांढरीत टाकत जा."

सुतार त्या भेगेकडे बघत राहिला. मग त्याला पौषातला तो म्हातारा आठवला. तो विहिरी बांधणारा मिस्त्री होता, उभ्या आयुष्यात कितीतरी विहिरी खणलेला. सुतार संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला तो एक बारीक तार आणि एकसारखे दोन ठोकळे घेऊन. रुळाच्या दोन टोकांना एकेक इंचाचा ठोकळा ठेवला, वरून तार ताणली आणि मध्ये रूळ व तारेतलं अंतर मोजलं. इंच भरायला हवा होता, भरले सात सूत. "एक सूत वर आला हाय," तो म्हणाला. सुतार लगेच म्हणाला, "मंग टोकांखाली पत्रा सारून द्या ना काका. एका दुपारचं काम."

"देतो की. पावसाळ्यात तो काढाले बोलावशीन, दिवाळीले दुसरा सारायले. असाच जलमभर पत्रा सारत बस."

बोधकथेला बोध लागतो. तो शेवटापर्यंत ताणण्यापेक्षा इथेच सांगून टाकतो, कारण सुतारालाही तो इथेच कळला: दोष जिथे दिसतो तिथेच असतो असं नाही, आणि कुणाच्या हाताला बोल लावण्याआधी तो हात ज्यावर उभा राहून काम करतो ती जमीन तपासावी. सुताराने श्रावणापासून वैशाखापर्यंत फळीकडे, पट्ट्याकडे, लाकडाकडे आणि माणसाकडे बघितलं. खाली बघायला त्याला भुशाची चोरी व्हावी लागली.

मशीन उचलून बाजूला ठेवलं. मिस्त्रीने दोन्ही रुळांखाली खड्डे आखले आणि मुरूम लागेपर्यंत खणायला लावले. सुताराला वाटलं होतं तीन फुटांवर लागेल, लागला पाचवर. त्यात आणखी अर्धा फूट उतरून मिस्त्रीने प्रत्येक खड्ड्यात तळाला रुंद बैठक आणि वर खांब काढला. खांबांभोवती परत काळी माती भरू दिली नाही. मुरूम आणवला, सहा-सहा इंचांचे थर दिले, पाणी शिंपडून धुमसाने ठोकले. मजूर कंटाळले की तो स्वतः धुमस घेई.

खांबांच्या डोक्यावर दोन लांब काँक्रीटचे बीम आले आणि इथे त्याने केलेली गोष्ट सुताराला आधी वेडेपणाची वाटली. बीमच्या खाली, खांबांच्या मधल्या भागात, त्याने जमिनीवर तीन इंच भुसा अंथरला, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि त्यावर सळ्या बांधून काँक्रीट ओतलं. काँक्रीट घट्ट झाल्यावर भुसा ओढून काढला. बीम आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली. पावसाळ्यात माती फुगेल ती त्या पोकळीत फुगेल, बीमला हात लावणार नाही. भुशाचा असा उपयोग बघून म्हातारी म्हणाली, "हा बी भुसा गेलाच म्हना." काढलेला भुसा मात्र तिनेच नेला.

शेडचे खांब मशीनच्या पायापासून वेगळे ठेवले, म्हणजे मशीनची थरथर छपरात जाणार नाही आणि वाऱ्यात छप्पर हललं तर मशीनला कळणार नाही. बोल्टांसाठी बीममध्ये चौकोनी खड्डे सोडले. पत्र्यांना पन्हाळ लावून पाणी दूर चरात सोडलं आणि शेडभोवती बाहेर उतार दिलेली फरसबंदी केली. हे शेवटचं काम सुतार पैशांपायी टाळणार होता. मिस्त्री म्हणाला, पायाशी पाणी येऊ द्यायचं असेल तर खाली केलेलं सगळं मला परत दे.

खरी परीक्षा होती थांबण्याची. काँक्रीट चारच दिवसांत कडक दिसायला लागलं आणि दारात ओंडके साठले होते. सुतार रोज विचारे, "आता ठेवू का मशीन?" मिस्त्री गोणपाट भिजवायला सांगून निघून जाई. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात हे इंजिनिअर सांगतात. मिस्त्री एवढंच म्हणे की मृग बरसू दे. सुताराने सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर पाणी मारलं आणि वाट बघितली. एक-दोन गिऱ्हाइकं तालुक्याला गेली. त्याचं वाईट वाटलं, पण घाई केली नाही. एवढं तो दीड वर्षात शिकला होता.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर मशीन ठेवलं. रुळांखाली पाचरी सारून, तार आणि लेव्हलच्या नळीने ते सरळ केलं आणि मगच बोल्टांच्या खड्ड्यांत सिमेंट-वाळूचा मसाला भरला. बोल्ट एकदा आवळले आणि काही दिवस मशीन चालल्यावर पुन्हा आवळले. ही दुसरी आवळणी बहुतेक लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्या श्रावणात मिस्त्रीने तार लावली, मध्ये आठ सूत भरले. पुढच्या वैशाखात लावली, तेव्हाही आठ. भोवतालची जमीन पूर्वीसारखीच फुगली आणि फाटली, तिने स्वभाव सोडला नाही.

यात मिस्त्रीने काही जादू केली नव्हती. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मुरमाचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवला की खालची माती काबूत राहते, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं आहे. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांसाठी ते ज्ञान फार उपयोगी पडलं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले पाइल याच मातीसाठी घडवले. ते मातीच्या हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन पाय रोवतात. मिस्त्रीने ही नावं ऐकलेली नव्हती. विहिरी खणताना काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मुरमात बांधलेली विहीर हलत नाही एवढं त्याला पुरेसं होतं.

राहिला तो ऑपरेटर पोरगा. मशीन सरळ चालू लागल्यावर सुतार त्याच्या घरी गेला, दोष तुझ्या हाताचा नव्हता, माझ्या पायाचा होता, असं त्याच्या आईसमोर सांगितलं आणि परत बोलावलं. पोरगा तोवर दुसऱ्या मशीनवर लागला होता. त्याने चहा पाजला, राग धरला नाही, पण आला नाही. "दोरी लावा म्हटलं होतं भाऊ," एवढंच म्हणाला. सुताराने पुढे जो माणूस ठेवला, त्याच्या पहिल्याच दिवशी त्याच्या हातात तार आणि दोन ठोकळे दिले. कामात खोट दिसली तर आधी तार लावायची आणि मग मला बोलवायचं, असं सांगितलं.

तुमच्याकडे काळ्या जमिनीत आरामशीन, पिठाची गिरणी किंवा कुठलंही थरथरणारं यंत्र बसवायचं असेल, तर जागा पौषात ठरवू नका. वैशाखात जा, भेग शोधा, तिच्यात पऱ्हाटी सोडून बघा आणि मुरूम किती खोल आहे ते गावातल्या विहिरी खणणाऱ्याला विचारा. आरामशीनच असेल तर त्याच्याही आधी वन खात्यात जाऊन परवान्याचं विचारून या. तो मिळणार नसेल, तर पाच फूट खणायची तसदी घेऊ नका.